आधी टायर की आधी चाके? : सायकलस्वार वाचकांचे प्रश्न

चवथ आटोपली आणि पावसाने पाठ फिरवायला सुरुवात केली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मिरामारच्या किनाऱ्यावर आयर्नमॅन ७०.३ ही शर्यत प्रथम झाली. त्यात १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे असते. तेव्हापासून गोव्यात ट्रायथलॉनसाठी सायकल चालवणाऱ्यांची नवी पिढीच उभी राहिली आहे आणि तिच्या पत्रांतील बहुतेक प्रश्न चाके व टायर यांच्याविषयी असतात. यावेळी त्यांतील पाच प्रश्न निवडले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्या चारांचे मूळ त्यातच आहे.

प्रश्न : माझे वय ४२ वर्षे आणि वजन ७४ किलो आहे. पहिल्यांदाच ९० किलोमीटरच्या सायकल टप्प्याची तयारी करीत आहे. सायकलला मूळची अ‍ॅल्युमिनियमची चाके आणि २५ मिलिमीटरचे जाड टायर आहेत. त्यांत मी ११० पीएसआय (प्रति चौरस इंच पौंड) दाबाने हवा भरतो व सपाटीवर ताशी ३२ किलोमीटरचा वेग कसाबसा राखतो. कार्बनच्या खोल रिमच्या (म्हणजे टायर बसतो ते कडे आऱ्यांच्या दिशेने उंच असलेल्या) चाकांसाठी दीड लाख रुपये बाजूला काढले आहेत. कोणती चाके घ्यावीत? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : दीड लाख रुपये तूर्त बँकेतच राहू द्यावेत. त्यांतील काही हजार रुपये काढून चांगल्या प्रतीचे, २८ मिलिमीटर रुंदीचे शर्यतीचे दोन टायर आणि त्यांना शोभतील अशा पातळ ट्यूब घ्याव्यात. हे उत्तर आपणास निराश करील याची कल्पना आहे. पण त्यामागील हिशेब कागदावर मांडता येण्यासारखा आहे आणि आपण तो स्वतः पडताळून पाहावा.

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची शक्ती मुख्यत्वे दोन ठिकाणी खर्च होते : हवा कापण्यात आणि टायर रस्त्यावर दबत-उठत फिरण्यात. टायरमध्ये वाया जाणारी शक्ती काढण्याची रीत सोपी आहे. एकूण वजनाला गुरुत्वाकर्षणाच्या ९.८१ ने गुणावे, त्याला टायरच्या लोटण-घर्षण गुणांकाने (टायर फिरताना किती अडतो ते दाखवणाऱ्या आकड्याने) गुणावे आणि शेवटी सेकंदाला मीटर या मापातील वेगाने गुणावे. आपण, सायकल, बाटल्या आणि सोबतचे सामान मिळून ८५ किलो धरू. आपण वर्णन करता तशा जाड, तारेच्या कडांच्या सरावाच्या टायरचा गुणांक ०.००५ च्या आसपास असतो, तर शर्यतीच्या चांगल्या टायरचा ०.००३ ते ०.००४ च्या दरम्यान येतो. ताशी ३२ किलोमीटरला पहिल्या प्रकारात सुमारे ३७ वॅट खर्च होतात आणि गुणांक ०.००३५ धरल्यास दुसऱ्या प्रकारात सुमारे २६. म्हणजे आपल्या पायांतून निघणारे ११ वॅट आज निव्वळ रबर तापवण्यात जात आहेत. आपल्या वेगाला लागणारी एकूण शक्ती मी १६५ ते १७० वॅटच्या घरात धरतो. त्या हिशेबाने हे ११ वॅट वाचले तर ९० किलोमीटरमध्ये चार मिनिटांच्या आसपास बचत होते. साध्या चाकांऐवजी खोल रिमची चाके घालून हवा कापण्यात आपल्या वेगाला यापेक्षा जास्त बचत होईल असे मला वाटत नाही आणि तिची किंमत मात्र दहापटीहून अधिक मोजावी लागेल.

आता हवेच्या दाबाकडे वळतो, कारण तेथे तर एक पैसाही खर्च न करता फायदा आहे. टायर जितका टणक तितका वेगवान, ही समजूत गुळगुळीत लोखंडी पिंपावर फिरवून केलेल्या चाचण्यांपुरती खरी आहे. आपल्याकडील रस्ता पिंपासारखा नसतो. डांबराचा वरचा थर पावसाळ्यात निघून गेल्यावर उघडी पडलेली खडी, बुजवलेल्या खड्ड्यांचे उंचवटे आणि तांबड्या मातीसोबत वाहून आलेला जांभ्याचा कच यांवरून ११० पीएसआयचा टायर जातो तेव्हा तो दबत नाही, तर सायकल आणि तिच्यावरील माणूस यांना वर उचलतो. ती उचल आणि थरथर शरीराच्या स्नायूंत जिरते, म्हणजेच आपली शक्ती वाया जाते आणि पुढे २१ किलोमीटर धावायचे आहे ते वेगळेच. शिवाय योग्य दाबापेक्षा थोडी कमी हवा असेल तर तोटा नाममात्र होतो, थोडी जास्त असेल तर खडबडीत रस्त्यावर तोटा झपाट्याने वाढतो. म्हणून चूक करायचीच असेल तर कमी हवेच्या बाजूने करावी. आपल्या वजनाला २८ मिलिमीटरच्या टायरसाठी मागे ७५-७६ आणि पुढे ७२-७३ पीएसआयपासून सुरुवात करावी, नेहमीच्याच वाटेवर दोन-दोन पीएसआयने वर-खाली करून पाहावे आणि रस्ता ओला असेल त्या दिवशी आणखी चार-पाच पीएसआय कमी करावेत.

टायर विकत घेण्यापूर्वी तो सायकलीच्या चौकटीत बसतो का, हे मात्र पाहावे. चौकटीच्या मागच्या दांड्यांपासून आणि पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्यापासून (फोर्क) दोन्ही बाजूंना चार मिलिमीटर तरी जागा उरली पाहिजे. टायरवर २८ लिहिलेले असले तरी रुंद रिमवर तो प्रत्यक्षात २९ किंवा ३० मिलिमीटर भरतो, हे अनेकांना टायर चढवल्यावर कळते. ६२२ हा आकडा रिमच्या ज्या व्यासावर टायर बसतो त्याचा, मिलिमीटरमधला असतो. नव्या टायरवर २८-६२२ असे छापलेले असल्याची खात्री करावी.

दुकानात चाक दोन बोटांवर तोलून ‘किती हलके आहे!’ म्हणणारे गिऱ्हाईक आपण सर्वांनी पाहिले आहे. एके काळी मीही तेच करीत असे. वजनाचाही हिशेब करून टाकू. चाकांच्या जोडीत ३०० ग्रॅम वाचले आणि वाटेत ६० मीटर उंचीचा चढ आला, तर वाचणारे काम साधारण १७७ ज्यूल भरते. १८० वॅटने चढणाऱ्याला त्यातून जेमतेम एक सेकंद मिळतो. सपाटीवर तर एवढाही नाही. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली याहून जड असते आणि ती आपण ऑक्टोबरच्या उन्हात कमी करणार नाही, करूही नये.

यानंतरही पैसे उरतात आणि हौसही उरते, हे मी समजू शकतो. हवा कापण्याच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा चाकांचा नसून स्वाराच्या शरीराचा असतो. तेव्हा पुढील खर्च बसण्याची ठेवण नीट करून घेण्यावर, फडफड न करणाऱ्या घट्ट कपड्यांवर आणि डोक्याला नीट बसणाऱ्या शर्यतीच्या हेल्मेटवर करावा. आपल्या गटातील शर्यतीत पुढच्याच्या आडोशाला सायकल चालवण्यास मनाई असते, म्हणून हवेशी सारी झुंज आपल्या एकट्याचीच राहते आणि ही ठेवण ९० किलोमीटरभर फळ देते. त्यानंतर चाके घ्यायची झाली तर पुढे ५० आणि मागे ६० मिलिमीटरच्या आसपास खोलीची घ्यावीत. चाके बनवणाऱ्या झिप कंपनीत असताना जॉश पोर्टनर यांनी मांडलेला १०५ टक्क्यांचा नियमही तेव्हा लक्षात ठेवावा. रिमची बाहेरची रुंदी टायरच्या मोजलेल्या रुंदीच्या किमान १०५ टक्के असेल, तरच टायरवरून आलेली हवा रिमला चिकटून पुढे जाते. म्हणजे टायर प्रत्यक्षात २८ मिलिमीटर भरत असेल तर रिम २९.४ मिलिमीटरपेक्षा अरुंद नसावी. अरुंद जुन्या रिमवर फुगीर टायर चढवल्यास खोल रिमचे पैसे बरेचसे पाण्यात जातात.

प्रश्न : माझे वजन ५० किलो आहे. शर्यतीसाठी मैत्रिणीकडून ८० मिलिमीटर खोलीची चाकांची जोडी आणली आहे. रायबंदरच्या बांधावर वारा आला की पुढचे चाक हातातून निसटल्यासारखे वाटते. सवयीने भीती जाईल का? (एक वाचक भगिनी, मडगाव)

उत्तर : काही प्रमाणात जाईल; पण पुढच्या चाकाच्या बाबतीत आपली भीती रास्त आहे आणि ती घालवण्यापेक्षा चाक बदलणे शहाणपणाचे आहे. बाजूने येणारा वारा खोल रिमला नुसता ढकलत नाही, तर हँडल फिरवू पाहतो. मागचे चाक हँडलशी जोडलेले नसल्याने आणि बरेचसे वजन त्याच्यावरच असल्याने तेथे हा त्रास जवळजवळ होत नाही. म्हणून मैत्रिणीचे मागचे चाक खुशाल ठेवावे आणि पुढे ४० मिलिमीटरच्या आसपासचे चाक घालावे. मागे खोल आणि पुढे उथळ ही जोडी दिसायला विजोड वाटली तरी अनुभवी स्वारही ती वापरतात.

वाऱ्याचा कोन किती मोठा होतो, हे एका उदाहरणावरून दिसेल. ताशी १५ किलोमीटरचा वारा थेट बाजूने येत असेल, तर ताशी ४५ किलोमीटरने जाणाऱ्या व्यावसायिक स्वाराला तो सुमारे १८ अंशांच्या कोनातून जाणवतो, पण ताशी ३० ने जाणाऱ्या आपणास सुमारे २७ अंशांतून. कोन जितका मोठा तितका हवेचा प्रवाह रिमवरून अचानक सुटण्याचा संभव अधिक, आणि तो सुटतो त्याच क्षणी हँडलला झटका बसतो. आपले वजनही कमी असल्याने तो सावरायला आधार कमी पडतो. रायबंदरचा बांध सतराव्या शतकात बांधला गेला, तो काही सायकलींसाठी नव्हे. घरांचा आणि झाडांचा आडोसा संपून मांडवीचे उघडे पात्र जेथे सुरू होते, नेमका तेथे हा झटका येतो. पहाटे वारा मंद असतो आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो, म्हणून शर्यतीची चाके दुपारी दोन-तीनच्या सुमारास चार वेळा तरी चालवून पाहावीत. झटका आला की हँडल आवळून धरू नये, कोपरे सैल ठेवावीत आणि पायडल मारणे थांबवू नये.

भरीव चाकाविषयीही, म्हणजे आऱ्यांऐवजी अखंड तबकडी असलेल्या चाकाविषयीही, आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. १९८४ च्या जानेवारीत इटालियन सायकलपटू फ्रान्चेस्को मोझेर यांनी मेक्सिको सिटीत भरीव चाके वापरून चार दिवसांच्या अंतराने दोनदा तासाचा (एका तासात सर्वाधिक अंतर कापण्याचा) विक्रम मोडला, दुसऱ्या वेळी ५१.१५१ किलोमीटर अंतर कापून. तेव्हापासून भरीव चाकाचा दबदबा आहे. आपल्या शर्यतीत ते फक्त मागे चालते. ट्रायथलॉनच्या नियमांनुसार पुढे भरीव चाकास परवानगी नसते. हवाई बेटावरील कोना येथील जागतिक अजिंक्यपद शर्यतीत तर तेथील वाऱ्यांमुळे वर्षानुवर्षे मागेही मनाई राहिली आहे. आपल्याला पहिल्या शर्यतीसाठी त्याची गरज नाही.

प्रश्न : ट्यूबलेस घ्यावे की ट्यूबवालेच बरे? सायकल एकच आहे. सराव आणि शर्यत दोन्ही तिच्यावरच. (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : रस्त्याच्या कडेला एकट्याने टायर उतरवून चढवता येत असेल, तर ट्यूबलेस, नसेल, तर ते शिकेपर्यंत ट्यूब. महामार्गाच्या कडेला फुटलेल्या ट्रकच्या टायरांतून निघालेल्या बारीक तारा आणि काचेचे कण हे आपल्याकडील पंक्चरचे मोठे कारण आहे, आणि असली बारीक छिद्रे आत घातलेला चिकट द्रव, म्हणजे सीलंट, आपोआप बुजवतो. बरेचदा स्वाराला पत्ताही लागत नाही. मोठ्या छिद्रासाठी रबराची वात आणि ती आत सारण्याचा दाभण सोबत ठेवावा. सीलंट एका टायरमध्ये ३० ते ४० मिलिलिटर लागतो आणि आपल्या उष्म्यात तो लवकर सुकतो. दोन महिन्यांनी टायर हलवून आत द्रव डुचमळतो का, ते पाहावे. आवाज येत नसेल तर आत वाळलेल्या सालीखेरीज काही उरलेले नाही असे समजावे.

वातीनेही भागले नाही तर आत ट्यूबच घालावी लागते, म्हणून एक ट्यूब जवळ हवीच. येथे माझी स्वतःची फजिती सांगण्यासारखी आहे. काही वर्षांपूर्वी मी ६० मिलिमीटर खोलीची चाके घालून निघालो होतो आणि राखीव ट्यूब नेहमीचीच, ४८ मिलिमीटर व्हॉल्व्हची, खिशात होती. जुन्या गोव्याच्या अलीकडे पंक्चर झाले, मोठ्या ऐटीत ट्यूब बदलली आणि मग लक्षात आले की व्हॉल्व्ह रिमच्या बाहेर डोकावतच नाही. हवा भरणार कशी? सायकल ढकलत परतलो. रिमच्या खोलीपेक्षा निदान १५-२० मिलिमीटर लांब व्हॉल्व्हची ट्यूब घ्यावी, नाहीतर व्हॉल्व्हला जोडायची नळी सोबत ठेवावी.

ट्यूबच ठेवायची तर शर्यतीपुरती लॅटेक्सची ट्यूब घालण्यात फायदा आहे. नेहमीच्या ब्युटाइल रबराच्या ट्यूबपेक्षा ती चाकामागे दोनेक वॅट वाचवते. एका रात्रीत तिची बरीच हवा उतरते, तेव्हा पहाटे हवा भरण्याला पर्याय नाही.

एक सावधगिरीची गोष्ट राहिली. आजकाल काही कार्बन रिमना टायर अडकवण्यासाठी आतल्या बाजूला आकडा (हुक) नसतो. अशा आकडाविरहित रिममध्ये दाब ५ बार, म्हणजे सुमारे ७२.५ पीएसआयच्या वर नेता येत नाही आणि रिमच्या उत्पादकाने मान्य केलेला ट्यूबलेस टायरच चालतो. २०२४ च्या फेब्रुवारीत यूएई टूर या सायकल शर्यतीत बेल्जियन सायकलपटू थॉमस डी गेंट यांचा टायर रिमवरून निघून ते पडले, तेव्हापासून व्यावसायिकांमध्येही या रिमविषयी वाद आहे. वजनदार स्वाराने किंवा ज्याला टायर चापून भरण्याची सवय सुटत नाही त्याने आकड्याची रिमच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : कार्बनची, रिमवर ब्रेक लागणारी जुनी चाके स्वस्तात मिळत आहेत. घ्यावीत का? (एक वाचक, वास्को)

उत्तर : आपली सायकल डिस्क ब्रेकची असेल तर प्रश्नच संपला, ती चाके तिला बसणार नाहीत. रिम ब्रेकची असेल तर चाक हातात घेऊन, उजेडात पाहून मगच पैसे द्यावेत. ब्रेक लागतो त्या पट्टीवर फुगवटा, लाटा किंवा सोललेले थर दिसले तर विषय तेथेच सोडावा, कारण ती रिम कधीतरी अतिशय तापलेली असते. आऱ्यांच्या भोकांपाशी केसासारख्या चिरा आहेत का, हे नखाने चाचपावे. समुद्राच्या खाऱ्या हवेत आऱ्यांच्या टोकांची अ‍ॅल्युमिनियमची निपले (बारीक नट) पांढरी पडून आतून कुजतात. अशा चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढायला गेल्यास निपल पान्यातच तुटते. मागच्या चाकाच्या मधल्या तुंब्यावर (हब) आपल्या सायकलीची कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांचा संच, बसते की नाही, हेही विचारून घ्यावे. सर्व ठीक असेल तर मिरामार-दोनापावलाच्या रस्त्यावर ती चाके मजेत चालवावीत, ब्रेकचे रबर मात्र कार्बनसाठीचेच वापरावे, आणि चोर्ला घाट उतरायला साधी अ‍ॅल्युमिनियमची चाके घालावीत. लांब उतारावर सतत ब्रेक धरल्याने कार्बनची रिम इतकी तापते की आतील लॅटेक्सची ट्यूब फुटू शकते.

प्रश्न : शर्यतीच्या आदल्या दिवशी सायकल आयोजकांच्या ताब्यात द्यावी लागते आणि ती रात्रभर तेथेच राहते. उन्हाने टायर फुटतात असे ऐकले. हवा काढून ठेवावी का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : सर्व काढू नये, दहा-पंधरा पीएसआय कमी करावी. सकाळी २५ अंश तापमानात ७२ पीएसआय भरलेला टायर दुपारच्या उन्हात ५० अंशांपर्यंत तापला, तर आतील दाब ७९ च्या आसपास जातो. आकड्याच्या रिमला त्याने काही होत नाही, पण वर सांगितलेल्या आकडाविरहित रिमची मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. ट्यूबलेस टायरमधील हवा पूर्ण काढल्यास त्याची कड रिमवरून सुटू शकते आणि मग हातपंपाने ती पुन्हा बसवणे पहाटेच्या अंधारात जिकिरीचे होते.

पहाटे उभा पंप आणि दाब दाखवणारे मीटर आपले स्वतःचे न्यावे, कारण दुसऱ्याच्या पंपाचा काटा पाच-सात पीएसआय सहज इकडेतिकडे दाखवतो आणि महिनाभर केलेला सगळा हिशेब आपल्या काट्यावरचा असतो. पंपाचे डोके आट्यांचे असेल तर ते काढताना व्हॉल्व्हचा आतील गाभाही त्याच्याबरोबर उलगडून येतो आणि टायर एका क्षणात रिकामा होतो. म्हणून तो गाभा आवळण्याची लहान चावी पंपालाच बांधून ठेवावी आणि तो घट्ट आहे ना, हे आदल्या दिवशी सायकल देण्यापूर्वी तपासावे.